मुलगी लिहून देता येत नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कोर्टातली निवृत्त लघुलेखिका, अविवाहित आणि त्याबद्दल कुणाचीही सहानुभूती न मागणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, भुलवलेलं नाही, गोड बोलून पटवलेलं नाही. गोड बोलणारं माझ्या वाट्याला तसंही कधी फारसं कुणी आलं नाही.

माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. पोटात गाठ आहे. ती उद्या काढणार आहेत, आणि ती निघेल की मी निघेन याची हमी सर्जन देत नाहीत. डोक्याची हमी मात्र एका तरुण डॉक्टरांनी लेखी दिली आहे. त्यांनी मला वार विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी दोनवर येऊन थांबले तेव्हा ते अजून एकावन्नपाशी घुटमळत होते.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे, आणि कोण म्हणेल तेही मला ठाऊक आहे.

इथे माणसं नात्यांनी लिहिली आहेत. हे कागद एक दिवस भरल्या कोर्टात मोठ्याने वाचले जातील, आणि ज्या मुलीसाठी ते लिहिले तिचं नाव तिथे बाकावर बसलेल्या रिकामटेकड्यांच्या कानावर पडू नये अशी माझी इच्छा आहे. नावं सीलबंद पाकिटात वकीलबाईंकडे आहेत. वकीलबाई म्हणजे माझ्या समोर वाढलेली, कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा काळा कोट घालून आली तेव्हा जिची बटणं मी लावून दिली, ती. तिलाच मी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून नेमते. ती मला मावशी म्हणते आणि फी घेत नाही. हे दोन्ही तिने सोडावं.

कलम पहिलं. घर.

कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, जिन्यासकट, हे माझ्या पगारातून घेतलेलं माझं घर आहे. कर्ज घेताना बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, "तुमच्या बाजूने सही करणारं पुरुषमाणूस कोण?" मी म्हटलं, हप्ता बाईमाणूस भरणार आहे. ते हसले आणि फॉर्म परत सरकवला. मग माझ्या थोरल्या भावाने, दादाने, सही केली. सही केली, पैसा दिला नाही. त्या एका सहीच्या जोरावर तो आजही घरात येताना जिन्याचा कठडा चाचपून बघतो, खरेदीला आल्यासारखा.

हे घर मी माझ्या भाच्याच्या मुलीला, जिला घरात आम्ही खारू म्हणतो, पूर्ण मालकीने देते. खारू, कारण लहानपणी ती खाऊ गालात साठवून ठेवायची, पुन्हा मिळेल याची तिला खात्री नसायची. ती आज पंधरा वर्षांची आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत घर वकीलबाईंच्या ताब्यात विश्वस्त म्हणून राहील. ते विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, आणि खारूला त्यातून हलवायचं नाही. शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

कलम दुसरं. बँकेत आहे ते सगळं खारूच्या शिक्षणासाठी आणि दवाखान्याच्या येण्याजाण्यासाठी. औषध फुकट मिळतं. तिथवर पोचायला मात्र कुणाचा तरी हात धरावा लागतो, तो फुकट मिळत नाही.

कलम तिसरं. शिलाई मशीन.

हे मशीन माझं नाही. खारूच्या आईचं, म्हणजे माझ्या भाचेसुनेचं आहे, आणि ते तिच्या मुलीला जातं. पण ते माझ्या घरात कसं आलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कलम कुणाला कळणार नाही.

भाचेसून चांगली शिवायची. लग्न होऊन दादाच्या घरी गेली तेव्हा मशीन बरोबर घेऊन गेली. दादाचं पाण्याच्या पंपांचं दुकान, भाचा गावोगाव ऑर्डरी आणायला फिरायचा. दीड वर्षात तिला दिवस राहिले. दवाखान्यात गरोदर बाईच्या सगळ्या तपासण्या करतात, तशी तिची ती तपासणी झाली. एचआयव्ही आहे असं निघालं.

आता आमच्या घराण्याचा न्याय ऐका. ज्याचा रिपोर्ट आधी, त्याचा दोष. तपासणी तिची झाली, कारण मूल तिच्या पोटात होतं. भाच्याच्या पोटात काही नव्हतं, म्हणून त्याची तपासणी कुणी केली नाही. दवाखान्यातल्या बाईंनी तीनदा निरोप पाठवला, "नवऱ्यालाही घेऊन या." दादा म्हणाला, "माझ्या मुलाला काय झालंय? आजार तिने आणला." लग्नाआधी कधी घराचा उंबरा एकटीने न ओलांडलेल्या मुलीने आजार आणला आणि बारा गावचं पाणी प्यालेला मुलगा धुतल्या तांदळासारखा. मी तेव्हा दादाला म्हटलं होतं, की कोर्टात अशी साक्ष दिलीस तर शिपाईसुद्धा हसेल.

तिचं ताट, भांडं आणि टॉवेल मोरीपाशी वेगळे ठेवले गेले. पुढे भाचाही खंगायला लागला, त्याला खोकला जडला, तरी त्याचं ताट घरातल्या ताटांतच राहिलं. आजार एकच, ताटं दोन. मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पाप आणि पुण्य पुष्कळ शिकवलं, पण हे वर्गीकरण त्यांनाही सुचलं नसतं.

गरोदरपणात तिला रोजची गोळी सुरू झाली होती. ती नीट घेतली तर बाळ बहुतेक वाचतं, असं तिला समजावून सांगितलं होतं. तिचा एकही दिवस चुकला नाही. बाटली वेळेवर संपायची, म्हणून दवाखान्यातही तिचं कौतुक. तरी औषध लागू पडलं नाही. घरचे म्हणाले, नशीब तिचं. मुलगी झाली. ती माझ्याकडे येईपर्यंत तिला तपासायला कुणी नेलं नाही, कारण मुलीत निघालं तर बापाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. आणि मुलगा असता तर धावपळ करणारे पाय कदाचित निघाले असते, मुलीसाठी ते दुखत होते.

भाचा गेला; लोकांना सांगितलं, फुफ्फुसं खराब झाली होती. बाराव्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली. मी वॉर्डात तिच्याजवळ बसायचे. एका दुपारी मी तिला विचारलं, "इतकी नेमाने गोळी घेतलीस, मग असं का झालं गं?"

ती म्हणाली, "आत्या, अर्धीच घेत होते."

"अर्धी? आणि उरलेली?"

"ह्यांना."

तिच्या गोळीचे दोन तुकडे व्हायचे. एक तिला, एक नवऱ्याला. रांगेत तिने उभं राहायचं, नाव तिचं लागायचं, बदनामी तिची, आणि औषधात वाटा त्याचा. अर्ध्या गोळीने आजार मरत नाही, शहाणा होतो. तिघांच्याही अंगात तो शहाणा झाला. तिसरी खारू.

ती गेल्यावर दादा चार वर्षांच्या खारूला आणि या मशीनला एकाच रिक्षातून घेऊन आला. म्हणाला, "तुला मूलबाळ नाही. घे." मशीन उतरवायला त्याने दुकानातला माणूस आणला होता. पोर स्वतःच उतरली.

कलम चौथं. टाइपरायटर भंगारात द्यावा. खारूला तो नको आहे, ती त्याला डायनासोर म्हणते. त्याच्यावर मी किती बायकांच्या तक्रारी टाइप केल्या आणि त्यातल्या किती पुढे टिकल्या हे त्यालाच माहीत. फार भावुक होऊ नये, लोखंडाला भाव आहे.

कलम पाचवं. दादा.

माझ्या भावाला मी काहीही देत नाही. हे विसरून झालेलं नाही, वकिलांनी तसं म्हणू नये. त्याची आठवण मला चांगली आहे. मागच्या महिन्यात माझ्या गाठीची बातमी कळल्यावर तो आला. अकरा वर्षांत खारूच्या एका वाढदिवसाला न आलेला माणूस तिच्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन आला. ती शाळेत होती. त्याने पुडा टेबलावर ठेवला आणि विषय काढला.

"काय कोर्टबाई, तुझ्यामागे पोरीचं काय? आमच्याकडेच यायची ती. मी आजोबा आहे."

"आणून तिचं काय करशील?"

"घरकामाला मदत करेल. अठरा झाली की उजवून टाकू. एक स्थळ आहे. लाकडाच्या वखारीचा मालक, बिजवर, वय जरा जास्त. पण चौकशा करणारा नाही."

"तिच्या आजाराचं सांगितलंस त्याला?"

"सांगायचं कशाला? दिसतं का तिच्याकडे बघून? मुलीचं लपतं गं. मुलाचं लपवायला काय कष्ट पडतात ते मला विचार."

मी विचारलं, "त्याची पहिली बायको कशाने गेली?"

"ताप."

आमच्या घरात फुफ्फुसं, त्यांच्या घरात ताप. मी त्याला समजावून सांगितलं, की ही मुलगी रोज औषध घेते, ठणठणीत आहे, पुढे मोठी होऊन स्वतःच्या माणसाला सगळं सांगून संसार करू शकेल, तिची मुलंही निरोगी होतील. पण औषध लपवून घ्यावं लागलं तर ते चुकेल. चुकलं की ती संपेल. आणि तिथेही पहिला रिपोर्ट तिचाच निघेल, मग दोषही तिचाच. दादाने सगळं ऐकलं. मग वर बघून म्हणाला, "या घराला ओल आहे का गं? भिंतीला फुगा आलाय."

घराच्या बदल्यात पोर, असा त्याचा हिशेब. पोर ताब्यात असली की घर मिळेल आणि घर मिळालं की पोर वखारवाल्याकडे जाईल. तो गेल्यावर मी बिस्किटं खाली कुलपवाल्याला दिली.

कलम सहावं. खारू.

मी वकीलबाईंना सांगितलं, की घरानंतर आता मुलीचं कलम घाल. खारूला मी अमुक व्यक्तीच्या हवाली करते, असं लिही.

ती म्हणाली, "मावशी, मुलगी मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. ती मालमत्ता नाही."

मी म्हटलं, "थांब, हे मला उतरवून घेऊ दे. सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकते आहे."

दादाने तिला मला दिली तेव्हा कागद लागला नव्हता. वखारवाल्याला देतानाही लागणार नाही. मीच एकटी अशी, जिला कायदा आड येतो. वकीलबाईंनी नीट समजावलं. मी तिची आई नाही, त्यामुळे मी फक्त इच्छा लिहू शकते. निर्णय कोर्टाचा. कोर्ट आधी आजी-आजोबांकडे बघणार. दुसरं कुणी हवं असेल तर त्या माणसाने स्वतः पुढे यावं, लेखी संमती द्यावी, आणि मुलीने कोर्टापुढे तसं बोलावं. वकीलबाई स्वतः पालक झाली तर घरही तिच्या ताब्यात आणि मुलगीही, म्हणजे दादाच्या वकिलाला पहिल्याच दिवशी आयता मुद्दा. तेव्हा ती नको, हे तिचंच म्हणणं, आणि ते खरं आहे.

म्हणून मी माणूस शोधायला निघाले. तीन वर्षांसाठी एक माणूस. जगात इतकी माणसं आहेत.

आधी माझ्या टेबलशेजारणीला बोलावलं. कोर्टात आमची टेबलं चिकटून होती, एका डब्यातून आम्ही वर्षानुवर्षं जेवलो. तिने सगळं ऐकून डोळे पुसले.

"अगं, माझं काही नाही गं. पण घरात नातू रांगतोय."

"रांगणाऱ्या पोराला ही काय चावणार आहे?"

"तू म्हणजे ना! मला कळतं सगळं. सुनेला कोण समजावणार?"

चहा खारूने केला होता. शेजारीण गेल्यावर बघितलं, कप काठोकाठ तसाच. एवढं सगळं कळणारी बाई.

मग मी माझ्याच शाळेच्या वसतिगृहात गेले. नव्या सिस्टर तरुण आहेत, हसऱ्या आहेत. म्हणाल्या, "आम्ही तिच्यासाठी रोज प्रार्थना करू. पण दुसऱ्या मुलींचे पालक आहेत, तुम्ही समजू शकता." मी म्हटलं, "सिस्टर, मी समजू शकते, म्हणूनच संतापले आहे. प्रार्थना टपालाने पाठवली तरी चालेल, मला खाट हवी होती." जिना उतरताना गाठ अशी दुखली, की मी पायरीवर बसून राहिले. ज्या पायरीवर लहानपणी बडबड केली म्हणून मला उभं करत, तीच.

दवाखान्यात औषधाच्या रांगेतल्या बायकांना विचारलं असतं. त्यांच्यातली कुणीही हो म्हणाली असती. पण त्या रांगेत सगळ्या अशाच उभ्या असतात, एकीला सासरने काढलेलं, एकीला माहेरने घेतलेलं नाही, एक नवऱ्याला न सांगता आलेली. पुरुष त्या रांगेत कमी दिसतात. त्यांना आजार होत नाही म्हणून नव्हे, ते बायकोला उभं करतात. या बायकांकडे मन आहे, छप्पर नाही. आणि कोर्ट छप्पर बघतं.

याचा कच्चा खर्डा इथवर लिहून ठेवला होता तो खारूने वाचला. आमच्या घरात लपवायला जागा नाही.

म्हणाली, "आत्या, मी सहाव्या नंबरला? टाइपरायटरच्या पण मागे?"

"क्रमाला महत्त्व नसतं."

"तूच म्हणतेस, कोर्टात सगळं क्रमाने चालतं."

"बरं बाई. कुठे घालू तुला?"

"घालू नकोस. विचार."

मी चष्मा काढला. "विचारते. मी गेल्यावर कुणाबरोबर राहशील?"

"आजीबरोबर."

मी पेन खाली ठेवलं. आजी म्हणजे माझी वहिनी, दादाची बायको. "तुझ्या आईचं ताट मोरीपाशी ठेवणारी बाई ती!"

"माहितीये. तिकडे नाही जायचं मला. तिने इकडे यायचं. आजोबा नकोत, आजी चालेल. कोर्टाला आजी हवीच आहे ना?" मग म्हणाली, "तिला कधी कुणी काही विचारलंय का, आत्या? तू तरी?"

मी विचारलं नव्हतं. मी तिला फक्त सुनावत आले होते. वकीलबाई म्हणाली, आजी एकटी पुढे आली, तर आजोबांना अडवणं फार सोपं जाईल. मी निरोप पाठवला.

वहिनी परवा दुपारी आल्या, वाण्याच्या दुकानात जाते असं घरी सांगून. खुर्चीच्या कडेवर बसल्या, जशा आयुष्यभर बसत आल्या आहेत, कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून.

"कशा आहात, वन्सं?"

"मरते आहे. तुम्ही?"

"आमचं काय, चाललंय."

मी सरळ मुद्द्यावर आले. तीन वर्षं. इथे राहायचं. तिची शाळा, तिची गोळी, महिन्याचा दवाखाना. लग्नाचं नाव काढील त्याला जिन्यावरून खाली. आतली खोली तुमची, तुम्हाला कुणी ऊठ म्हणणार नाही.

वहिनींनी खोलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते."

"अहो वहिनी, ह्यांच्यापासूनच तर तिला वाचवायचं आहे!"

"हो ना. पण विचारल्याशिवाय कसं?"

मी हसले आणि हसताना पोटात कळ आली. तेवढ्यात खारूच्या गोळीची वेळ झाली. ती भांडंभर पाणी घेऊन आमच्यासमोरच उभी राहिली आणि तिने गोळी तोंडात टाकली. वहिनी टक लावून बघत होत्या.

"अख्खी?" त्यांनी विचारलं.

"काय, आजी?"

"अख्खी घेतेस ना? अर्धी कुणाला देत नाहीस ना?"

"कुणाला देऊ? आत्याला?" खारू हसली.

वहिनी हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुरी माझी होती, वन्सं."

मला कळेना. मग कळायला लागलं आणि मला ते नको होतं.

"तो म्हणाला, मी त्या रांगेत उभा राहणार नाही, लोक बघतील. हे म्हणाले, घरात औषध येतंच आहे की. मग ओट्यावर मी रोज सकाळी कापायचे. घरात जे येतं ते आधी पुरुषांना वाढायचं, उरेल ते आपण घ्यायचं. मला वाटलं, हेही तसंच. सारखी कापली जायची नाही ती. मोठा तुकडा त्याला द्यायचे."

इतकी वर्षं मी समजत होते, की भाच्याने बायकोच्या हातातून ती हिसकावली असेल. हिसकावलं कुणीच नव्हतं. वाढलं होतं.

खारू भांडं हातात धरून उभी होती. तिने विचारलं, "आजी, तेव्हा मी पोटात होते?"

"हो."

खारूने भांडं विसळून पालथं घातलं आणि आत गेली. आतून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला, कापड नसताना चालवल्यासारखा. वहिनी उठल्या. मी त्यांना थांबवलं नाही. जिना अर्धा उतरल्या असतील, तेव्हा खारू दारात आली आणि वरून ओरडली,

"आजी, येताना चष्मा घेऊन ये. बाटलीवरचं बारीक असतं."

मी हे कलम फाडायला घेतलं होतं. ज्या हातांनी गोळी कापली त्याच हातांत पोर द्यायची? खारूने कागद माझ्या हातातून काढून घेतला. "राहू दे. आता ती अर्धी कुणाला देणार नाही." तेव्हा राहू देते. ही माफी नाही. माफी द्यायचा हक्क जिला होता ती वॉर्डातच वारली. दुसरं माणूस उरलेलं नाही म्हणून हे नाव इथे आहे.

तर माझी इच्छा अशी: खारूची पालक तिची आजी व्हावी, मात्र नवऱ्याशिवाय, आणि याच घरात राहून.

कलम सातवं. भाचेसुनेच्या दोन सोन्याच्या बांगड्या वॉर्डात तिच्या हातातून काढल्या होत्या. त्या वहिनींच्या कपाटात आहेत. त्या माझ्या नाहीत, म्हणून मला देता येत नाहीत. त्या खारूच्या आहेत, एवढं नोंदवते.

कलम आठवं. माझं प्रेत शिकणाऱ्या डॉक्टरांना द्यावं. दादाने भाषण करू नये. भाच्याच्या वेळी त्याने "दीर्घ आजाराशी झुंज" असं छापून आणलं होतं, आणि भाचेसुनेच्या वेळी काहीच छापलं नव्हतं. माझ्या वेळी छापायचंच असेल तर "गाठीने मेली" एवढं छापावं. गाठीला लाज नसते, हे माझं भाग्य.

कलम नववं. हे आज सकाळी वाढवलं आहे.

दादाचा फोन आला. "माझ्या बायकोला काय पढवलंस तू?" म्हणजे वहिनींनी विचारलं. खरंच विचारलं. तो म्हणाला, "ती या घराबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि पोरीला न्यायला मी स्वतः येतोय. तू फक्त ऑपरेशन उरकून घे." मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, वहिनींना फोन दे. तो म्हणाला, ती कामात आहे.

म्हणून खारू, आता पुढचं तुझ्यासाठी. मी नसले आणि तुला कोर्टात उभं केलं, तर न्यायाधीश तुला खोलीत बोलावतील आणि विचारतील, तुला कुणाकडे राहायचं आहे. तिथे रडू नकोस. रडू येईल, पण रडू नकोस. रडणं वाईट म्हणून नाही सांगत. कोपऱ्यात एक बाई बसलेली असेल, माझ्यासारखी, यंत्रावर बोटं ठेवून. ती फक्त बोललेलं उतरवते. मी हजारो बायका रडताना बघितल्या आणि त्यांच्या रडण्याचा एक शब्दही माझ्या कागदावर आला नाही. मान हलवणं येत नाही, हुंदका येत नाही, गप्प बसणं तर मुळीच येत नाही. गप्प बसलीस तर तिथे लिहितात, "हरकत नाही." आमच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या नावापुढे तेच लिहिलं गेलं.

तेव्हा बोल. मोठ्याने बोल. तुझा आजार सांग, तो कुणाकडून आला ते सांग, वखारवाल्याचं सांग. "मला तिकडे जायचं नाही" हे पूर्ण वाक्य म्हण, नुसतं "नाही" म्हणू नकोस. ते "नाही" कशाला होतं, हे वकील नंतर आपल्या सोयीने ठरवतात.

आपण काल याची तालीम केली. तू बोललीस, मी उतरवून घेतलं. पहिल्यांदा तुझा आवाज फुटला, दुसऱ्यांदा तू हसलीस, तिसऱ्यांदा नीट जमलं. मला अजून एकदा ऐकायचं होतं, पण मला दवाखान्यात दाखल व्हायचं आहे आणि वकीलबाई खाली गाडी लावून उभी आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचून पाहिला. त्यात एकही शब्द रागाच्या भरात लिहिलेला नाही. राग पूर्ण शुद्धीत होता आणि आहे.

ठिकाण: कुलपवाल्याच्या दुकानावरचं माझं स्वयंपाकघर.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी. आकड्यांतली तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

मृत्युपत्र करणारीची सही: (केली)

साक्षीदार पहिला: ज्यांनी माझं डोकं तपासलं ते डॉक्टर, सहीपुरते घरी आलेले. (सही)
साक्षीदार दुसरा: खालचा कुलपवाला. दुकान उघडं टाकून वर आला, हात पुसून सही केली. (सही)

दोघांनीही मला सही करताना पाहिलं आणि मी त्यांना.

पालक होण्यास संमती, मुलीची आजी: ______________

(ही जागा कोरी ठेवून वरच्या सह्या झाल्या आहेत. वकीलबाई म्हणते, कोरी राहिली तरी मृत्युपत्र रद्द होत नाही. घर टिकेल, बँकेतला पैसा टिकेल, मशीन टिकेल. वहिनी, इथे सही करायला कुणाला विचारावं लागत नाही, असं कायदा म्हणतो. हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी लिहून ठेवते.)